दोन वेळा की दर दोन तासांनी? नोकरीच्या धबडग्यात काय टिकतं

वजन कमी करायचं मनावर घेतलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, 'दीक्षित की दिवेकर?' लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या बाकावर हा वाद इतक्या वेळा झालाय की दोन्ही पद्धती इथे पुन्हा समजावून सांगत नाही. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित, दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत, पोटभर. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर, दर दोन तासांनी, थोडं थोडं, घरचं. मी दोन्ही करून पाहिल्या. आधी दुसरी केली, पाच महिने. मग पहिली धरली, तिला आता तिसरं वर्ष चालू आहे. माझा कल कुठे ते यावरून कळलंच असेल. पण आमच्याच घरात बायकोने उलट निवड केली आणि तिचंही काही चुकलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी माझा दिवस सांगतो, कारण सगळा निर्णय त्यावरच ठरला. राहायला डोंबिवली, ऑफिस फोर्टला. सकाळी पावणेआठला घर सोडतो, रात्री पावणेनऊला परत. काम हिशेबाचं, म्हणजे बसून. सुरुवात केली तेव्हा वय ४१, वजन ८६ किलो, पोटाचा घेर १०४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या डॉक्टरांनी भारतीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० ठरवली आहे, बायकांसाठी ८०. काट्यापेक्षा मला हा टेपचा आकडा जास्त लागला. वडिलांना पन्नाशीतच मधुमेह झाला होता, त्यामुळे वाट बघायला मला वेळ नव्हता.

दिवेकरांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. उठल्यावर चहाने सुरुवात करू नका, आधी काहीतरी खा. रात्रीचं जेवण झोपायच्या दोन तास आधी उरका. भात, तूप, केळं, शेंगदाणे यांना घाबरू नका, आपल्या भागात आणि आपल्या हंगामात पिकतं ते खा. माझ्या आईला तर हे ऐकून फार बरं वाटलं. घरात वर्षानुवर्षं खात आलो त्याकडे अपराध्यासारखं बघायचं नाही, ही गोष्ट मी त्यांच्याकडून घेतली ती कायमची. आजही वरण-भातावर तूप घेतो.

पहिले तीन महिने झकास गेले. वजन ८६ वरून ८२ वर आलं. दुपारी तीनला येणारी झोप गेली, चिडचिड कमी झाली. उठल्यावर केळं आणि चार बदाम, गाडीत बसायला मिळालं तर साडेआठला छोट्या डब्यातले पोहे, अकराला मूठभर शेंगदाणे आणि गूळ, एकला पोळीभाजी, साडेतीनला उकडलेलं अंडं किंवा पनीर, सहाला एखादं फळ, रात्री जेवण. वेळापत्रक म्हणून बघितलं तर सुंदर आहे.

मग डबे आले मध्ये. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. जेवणाचा डबा धरून रोज पाच डबे. हवाबंद झाकणाचे, कारण लोकलच्या गर्दीत पिशवी आडवी होतेच. प्रत्येक झाकणाच्या खोबणीत एक रबरी रिंग असते. ती काढून धुवावी लागते, नाहीतर खाली तेल आणि हळद जाऊन बसते आणि तिसऱ्या दिवशी केळ्याच्या डब्यालासुद्धा कांद्याचा वास येतो. काढायची चमच्याच्या दांड्याने, कारण ओल्या बोटांनी ती सुटत नाही. धुतल्यावर पूर्ण वाळवावी लागते, ओली बसवली तर आतून काळी पडते. रात्री दहाला जेवणं झाल्यावर सिंकपाशी उभं राहून पाच रिंगा काढणं, घासणं, ओट्यावर ओळीने वाळत घालणं आणि सकाळी सहाला कोणती कुठल्या झाकणाची ते जुळवणं, हे मी पाच महिने केलं. बायकोवर ते काम टाकणं मला पटत नव्हतं, तिची स्वतःची शाळा असते. एका सकाळी एक रिंग राहिली आणि उसळीचा रस्सा ऑफिसच्या कागदांवर उतरला.

पण खरा त्रास डबे धुण्याचाही नव्हता. खरा त्रास डबे नसलेल्या दिवसाचा होता. घरी पाहुणे आले, रात्री गाड्या रखडल्या, मुलाला ताप आला, मार्चअखेर आला की डबे भरले जायचे नाहीत. आणि शरीराला तर दर दोन तासांनी खायची सवय लागलेली. अकरा वाजले की भूक लागणारच. डब्यात शेंगदाणे नाहीत, म्हणून मग कॅन्टीनची बिस्किटं. साडेतीनला अंडं नाही, म्हणून समोसा. सहाला स्टेशनवर वडापाव. वेळापत्रक तंतोतंत पाळलं जायचं, फक्त त्यातलं खाणं बदललेलं असायचं. असे दिवस महिन्यात चार-पाच होते तोवर काही वाटलं नाही. ते दहा-बारा झाले तेव्हा काटा ८२ वरून ८४ ला परत आला.

तेव्हा मला एक गोष्ट लक्षात आली. पद्धत नीट पाळली जाते त्या दिवशी दोन्ही चांगल्याच असतात. बिघडलेल्या दिवशी तिचं काय होतं ते बघायला हवं. दर दोन तासांची पद्धत माझ्या हातून बिघडली की दिवसाला सहा वेळा अरबटचरबट व्हायचं. दोन वेळांची पद्धत बिघडते तेव्हा फार तर तिसऱ्यांदा खाणं होतं. हा दोष पद्धतीचा नाही, माझ्या तेरा तासांच्या दिवसाचा आहे. पण मला जगायचं होतं ते त्याच दिवसात.

दीक्षित सरांच्या पद्धतीचं मूळ नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारात आहे, हे बहुतेकांना ठाऊक आहे. प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन हे चरबी साठवायला लावणारं संप्रेरक स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करा, असा त्याचा गाभा. मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा चालतो. जोडीला ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. मी जेवणाच्या वेळा दुपारी एक आणि रात्री नऊ अशा धरल्या. चालण्यासाठी वेगळा वेळ काढला नाही. सीएसएमटी ते ऑफिस आणि डोंबिवली स्टेशन ते घर एवढं अंतर बस-रिक्षा सोडून पायी सुरू केलं. सलग ४५ मिनिटं होत नाहीत, पण रोज होतात.

पहिले दहा दिवस कठीण गेले, ते लपवत नाही. दुपारी साडेचारच्या सुमाराला कपाळ ठणकायचं. माझ्या समजुतीप्रमाणे ती जेवढी भूक होती तेवढीच चहाची सवय मोडण्याची ओढ होती. मी दिवसाला पाच कप चहा घ्यायचो, कपाला दोन चमचे साखर. म्हणजे रोज चाळीसेक ग्रॅम साखर, १६० कॅलरी, आणि त्याबरोबर येणारी बिस्किटं वेगळी. दोन वेळांच्या नियमाने माझं सगळ्यात मोठं काम केलं ते हेच. दुधा-साखरेचा चहाही 'खाणं' ठरला आणि आपोआप सुटला. दर दोन तासांच्या पद्धतीत तो दोन खाण्यांच्या मधल्या फटीत शिरायचा आणि मी त्याला मोजतच नव्हतो.

डबा आता एकच, तीन पुडांचा, स्टीलचा. त्याला रबर नाही.

आकडे विचाराल तर नऊ महिन्यांत ८४ चे ७६ झाले. पुढच्या गणपतीत ७८ झाले, दिवाळीनंतर ७७. तेव्हापासून ७७-७८ च्या मध्ये आहे. घेर ९४. म्हणजे ९० ला अजून चार बाकी आहेत आणि मी अजून प्रयत्नात आहे. यात चालण्याचा वाटा किती आणि चहा सुटण्याचा किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही.

आता अभ्यासांबद्दल थोडं, कारण या वादात दोन्हीकडचे लोक विज्ञानाचं नाव घेतात. एकूण कॅलरी सारख्याच ठेवल्या तर दिवसातून किती वेळा खाल्लं याने वजनात मोठा फरक पडत नाही, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. प्रागमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर केलेला, २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मात्र दोन वेळांच्या बाजूने झुकतो. तेवढ्याच कॅलरी दोन मोठ्या जेवणांतून घेतल्यावर १२ आठवड्यांत सरासरी ३.७ किलो उतरले, सहा छोट्या खाण्यांतून २.३ किलो. पण ती दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण होतं, माझ्यासारखं रात्री नऊचं नव्हे. त्यामुळे हा अभ्यास मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून पुढे करत नाही. ज्यांना सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा असं जमत असेल त्यांनी तसंच करावं, माझ्यापेक्षा बरं होईल. झोपायच्या जेमतेम दोन तास आधी भरपेट जेवणं ही माझ्या व्यवस्थेतली उणीव आहेच, आणि ज्याला ॲसिडिटीचा त्रास आहे त्याला ती नडेल.

लोकांमधल्या वावराचं काय, हे खूप जण विचारतात. माझ्या अनुभवात लग्न, मुंज, सत्यनारायण हे दोन वेळांना सोपे जातात. पंगतीतलं जेवण ते आपलं एक जेवण, नीट बसून, मनापासून. पुरणपोळी असेल तर पुरणपोळी, त्या दिवशी भात कमी. अवघड जातो तो संध्याकाळचा चहा. ठाण्याला मावशीकडे गेलो की तिचं ठरलेलं वाक्य, "अरे, घोटभर चहाने काय होतंय?" तिला वाईट वाटायचं आणि मलाही. चार वेळा नाही म्हटल्यावर एकदा मी तिला म्हटलं, "मावशी, चहाला नको बोलावूस, जेवायलाच बोलाव ना. रविवारी एकला येतो." तिचा चेहराच खुलला. आता आम्ही दोन महिन्यांतून एकदा तिच्याकडे आमटी-भात जेवतो, आणि चहाच्या नादात पूर्वी वीस मिनिटं बसायचो तिथे आता तीन तास बसतो.

उपासाच्या बाबतीत मी उलट सांगेन. संकष्टीला दिवसभर काही नाही आणि मधेच साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, चिक्की, हे दोन वेळांत बसत नाही. मी चतुर्थीला दुपारी भगर आणि दाण्याची आमटी पोटभर खातो आणि चंद्रोदयानंतर जेवतो. संख्या दोनच राहते.

आता बायकोचं. ती इथल्याच शाळेत शिकवते. सकाळी सातला जाते, दीडला घरी. मधल्या सुट्टीत एक छोटा डबा, घरी आल्यावर जेवण, चारला काहीतरी, आणि साडेसातला ती मुलाबरोबर जेवून घेते. तिला थोडं थोडं खाणंच सोसतं. पोट रिकामं राहिलं की तिचं डोकं चढतं. वर्षभरात तिचे पाच किलो उतरले आणि उतरलेले राहिले. तिला दिवसातून जास्त डबे लागतच नाहीत, कारण अर्धं खाणं स्वतःच्या स्वयंपाकघरात होतं. ज्यांचं घर आणि काम जवळ आहे, जे घरून काम करतात, त्यांनी माझं ऐकून दोन वेळांवर यायची गरज नाही.

आणि कुणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा कमी करू नयेत. औषध चालू आणि पोट रिकामं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गरोदर बायका आणि वाढत्या वयाची मुलं यांनी तर हे करूच नये. आमच्या मुलाला आम्ही यातलं काही लावलेलं नाही, तो चार वेळा खातो.

बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांचा दिवस माझ्यासारखा बाहेर जातो त्यांनी, निवडण्याआधी गेल्या महिन्याचं कॅलेंडर समोर घ्यावं आणि किती सकाळी घरातून डबा नीट भरून निघाला ते मोजावं. पंचवीस कामाच्या दिवसांपैकी बावीस-तेवीस निघाले असतील तर दर दोन तासांची पद्धत जरूर करा, त्यात उपासमारीची भावना नसते आणि सुरुवात हळुवार होते. पंधराच्या आसपास असतील तर मी तरी दोन वेळाच सुचवेन. सुरुवात सोमवारी करू नका, शनिवारी करा. पहिले दोन दिवस घरी असाल, साडेचारला कपाळ ठणकलं तर पडता येईल. फ्रीजमध्ये पातळ ताकाचा एक तांब्या करून ठेवा, मीठ-जिरं घालून. सोमवारपासून तेच बाटलीत भरून ऑफिसला न्या, आणि बाटली आट्याच्या झाकणाची घ्या.