घोडा, ट्रेलर आणि वर डबा : एकूण उंची काढायची कुठल्या पद्धतीने?

न्हावा शेव्याहून भिवंडीच्या गोदामाकडे निघालेला चाळीस फुटी ट्रेलर किती उंच आहे, असं तीन जणांना विचारा, तीन आकडे मिळतील. ऑफिसातला माणूस प्लॅटफॉर्म अधिक डबा (म्हणजे कंटेनर) अशी बेरीज करून सांगतो. ड्रायव्हर "साडेचौदा फूट" म्हणून मोकळा होतो. आणि ट्रेलरच्या कागदावरची उंची असते ती रिकाम्या सांगाड्याची, ज्याचा डबा चढल्यावर काही उपयोग नाही. नवा ट्रेलर घ्यायचा असेल किंवा बाजारातून घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी इंजिन-केबिनची गाडी, भाड्याने घेऊन आपल्या ट्रेलरला जोडायचा असेल, तर यातलं काय धरायचं हे आधी ठरवावं लागतं.

कायद्याचा आकडा आधी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९३ हा मापांचा नियम. २०२० च्या दुरुस्तीत साध्या मालवाहू गाडीची उंची ३.८ वरून ४ मीटर झाली आणि आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणित मापाचे कंटेनर नेणाऱ्या ट्रेलरला ४.५२ मीटरपर्यंत मुभा मिळाली. फुटात सांगायचं तर चौदा फूट दहा इंच. त्यावर गेलात तर ओडीसीची, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरच्या मालाची, वेगळी परवानगी काढा, नाहीतर चलान भरा.

कागदावरची बेरीज

ही पद्धत फुकट आहे आणि गाडी घेण्याआधी दुसरी कुठलीच चालत नाही. डब्याची उंची पक्की असते : साधा डबा साडेआठ फुटी, म्हणजे २.५९१ मीटर, हाय-क्यूब साडेनऊ फुटी, म्हणजे २.८९६ मीटर. ओळखायला दारावरचा कोड बघा. ४२जी१ असेल तर साधा चाळीस फुटी, ४५जी१ असेल तर हाय-क्यूब. दुसरा आकडाच उंची सांगतो. हाय-क्यूबच्या वरच्या कोपऱ्यांवर पिवळे-काळे पट्टेही असतात. चाळीस फुटी रीफर, म्हणजे थंड मालाचा डबा, बहुतेक हाय-क्यूबच धरून चाला.

आता नमुन्यादाखल एक बेरीज. भरलेल्या फ्लॅटबेडचा, म्हणजे सपाट पाटाच्या ट्रेलरचा, प्लॅटफॉर्म जमिनीपासून १.५५ मीटर असेल, तर साध्या डब्याला ४.१४ मीटर होतात. काळजीचं कारण नाही. हाय-क्यूबला ४.४५ होतात, म्हणजे मर्यादेला सात सेंटिमीटर उरतात. तोच डबा १.४० मीटरच्या स्केलेटलवर, म्हणजे नुसत्या सांगाड्याच्या ट्रेलरवर, ठेवला तर ४.३० मध्ये काम भागतं. ज्यांच्या फेऱ्यांत निम्म्याहून जास्त हाय-क्यूब आहेत, त्यांनी फ्लॅटबेडवर पोलादाची कॉइलही नेता येते या मोहात पडू नये, स्केलेटल घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बेरीज फसते ती प्लॅटफॉर्मच्या आकड्यात. विकणारा देतो ती उंची त्याच्या मनातल्या एका फिफ्थ व्हीलच्या (घोड्यावरची ट्रेलर टेकवून जोडायची चकती) उंचीवर काढलेली असते, आणि तुमच्या घोड्याचं फिफ्थ व्हील तेवढंच असेल असं नाही. ट्रेलरला स्वतःची अशी उंची नसतेच. ती त्याच्या पुढे जोडलेल्या घोड्याबरोबर ठरते.

समजा नवा घोडा जुन्यापेक्षा ८ सेंटिमीटर उंच आहे. मग ट्रेलर सगळीकडे ८ सेंटिमीटर वर जातो का? नाही. तो मागच्या बोगीवर, म्हणजे मागच्या चाकांच्या जोडावर, तराजूच्या दांडीसारखा कलतो. किंगपिनपासून (फिफ्थ व्हीलमध्ये बसणारा ट्रेलरचा खुंटा) बोगीच्या मध्यापर्यंत ८ मीटर, किंगपिनच्या पुढे १ मीटर आणि बोगीच्या मागे ३ मीटर धरले, तर पुढचं टोक ९ सेंटिमीटर वर जातं आणि मागचं ३ सेंटिमीटर खाली बसतं. वरच्या उदाहरणातला ४.४५ चा आकडा पुढच्या कोपऱ्यावर ४.५४ होतो, मर्यादेच्या बाहेर. कागदावर मात्र तोच ट्रेलर, तोच डबा आणि जुनाच आकडा. घोडा बदलला की उंची पुन्हा काढायची ती यासाठी.

स्टाफ लावून मोजणी

सर्वेवाले वापरतात तो पाच मीटरचा सरकता स्टाफ, एक लांब सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, एक पाणसळ आणि दोन माणसं. गाडी सपाट काँक्रीटवर उभी करायची, घोडा-ट्रेलर एका सरळ रेषेत, टायरमध्ये नेहमीची हवा. पट्टी डब्याच्या छतावर आडवी धरून बाहेर काढायची, पाणसळीने सरळ करायची आणि तिच्या खालच्या कडेला स्टाफ लावून वाचायचं. पट्टी टेकवायची ती कोपऱ्याच्या कास्टिंगवर (डब्याच्या कोपऱ्यातला ओतीव पोलादी ठोकळा), छताच्या पत्र्यावर नाही. कास्टिंग पत्र्यापेक्षा थोडं वर असतं आणि कमानीला आधी तेच लागतं. पुढच्या कोपऱ्यावर एकदा आणि मागच्या कोपऱ्यावर एकदा मोजायचं, वरच्या कलण्यामुळे. दोन्हींपैकी मोठा आकडा आपला.

एवढं करून घोड्याकडे विसरायचं नाही. स्केलेटल रिकामा परतत असेल तर सगळ्यात उंच बिंदू केबिनवर असतो : एअर डिफ्लेक्टर, एसीचा डबा, नाहीतर हौसेने लावलेलं कॅरियर आणि त्यावर बांधलेली ताडपत्री.

दुसरी गोष्ट भरल्या-रिकाम्याची. पाट्यांवरच्या (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवरच्या) ट्रेलरची कमान माल उतरला की उघडते आणि प्लॅटफॉर्म वर येतो. म्हणून वीस-पंचवीस टन भरलेला हाय-क्यूब ज्या पुलाखालून निघाला, त्याच पुलाखाली परतताना तोच डबा रिकामा असूनही घासू शकतो. यार्डात मोजायचं असेल तर रिकामा डबा चढवून मोजा. रस्त्यावर त्याहून उंच वेळ बहुधा येत नाही. टायरचाही थोडा वाटा असतो. झिजलेल्या टायरवर मोजलेली गाडी नव्या टायरवर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच होते. पाट्यांऐवजी हवेच्या फुग्यांवरचं एअर सस्पेन्शन असेल तर हवा भरून नेहमीच्या चालीच्या उंचीवर आणूनच मोजा.

या मोजणीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. बेरजेपेक्षा ती खरी असते, पण त्या जोडीपुरती. बाजारातला घोडा रोज बदलणाऱ्याला हे रोज परवडणार नाही.

गेटवरचा आडवा पाइप

रोज घोडे बदलणाऱ्यांसाठी यार्डाच्या गेटवर दोन खांब रोवून, ठरलेल्या उंचीवर साखळीने आडवा पाइप टांगायचा. हा आकडा सांगत नाही, फक्त पास की नापास ते सांगतो. पाइप ४.५० ला टांगला तर त्याला लागलेली गाडी कायद्याच्या काठावर आली, एवढं रात्रीच्या शिफ्टच्या वॉचमनलाही कळतं. रेल्वे फाटकाआधी विजेच्या तारांसाठी जी कमान असते ती याच तत्त्वाची. 

त्रुटी दोन. पाइपखालचा रस्ता पुन्हा डांबरी झाला की त्याची उंची कमी होते, तेव्हा वर्षातून एकदा पाइपच मोजावा लागतो. शिवाय गाडी निघून गेल्यावर किती मोकळं राहिलं हे कळत नाही, त्यामुळे मार्ग आखायला तो उपयोगाचा नाही.

मग कोणी काय धरावं?

ट्रेलर खरेदी करायचा असेल तर बेरीज, पण विकणाऱ्याच्या नाही, तर आपल्या घोड्याच्या फिफ्थ व्हीलची उंची स्वतः मोजून केलेली. घोडा आणि ट्रेलरची जोडी पक्की असेल तर एकदा नीट स्टाफ लावा. घोडा बदलला, पाटे बदलले किंवा टायरची साइज बदलली तर परत. भाड्याचे घोडे असतील तर पाइप आणि दर जोडीची निदान एक मोजणी, नोंदवहीत लिहून. लेझर मीटर घेणार असाल तर गाडीपेक्षा पुलाखालची मोकळी उंची मोजायला जास्त कामाचा आहे, कारण पुलावरच्या पाटीचा आकडा डांबराचे थर चढण्याआधीचा असू शकतो.

पुलाखाली मोजलेली उंचीही रेल्वेखालच्या भुयारी मार्गात पुरत नाही. तिथे रस्ता मध्ये खाली जाऊन पुन्हा वर येतो. घोडा चढाला लागलेला आणि बोगी अजून उतारावर अशा वेळी ट्रेलरचा मधला भाग खोलगट जागेवर अधांतरी राहतो आणि छत रस्त्यापासून सपाटीवर होतं त्याहून वर जातं. ट्रेलर जितका लांब, तितकं जास्त. अशा मार्गावर दोन-चार सेंटिमीटरच्या भरवशावर गाडी घालू नये, एक वीत तरी मोकळी ठेवावी.

केबिनमध्ये आकडा चिकटवताना मीटर आणि फूट-इंच दोन्ही लिहा, आणि "१४.५ फूट" असं कधीच लिहू नका. कोणी ते साडेचौदा वाचतो, म्हणजे चौदा फूट सहा इंच, तर कोणी चौदा फूट पाच इंच. आकडा नेहमी वरच्या पाच सेंटिमीटरला पूर्ण करून लिहावा : मोजणीत ४.४१ आलं तर केबिनमध्ये ४.४५.