ट्रेडमिलसाठी घेतलेला छातीचा हार्ट रेट पट्टा: सात महिने, पाच सेल आणि एक घड्याळवाला

पहिला अर्धा भाग मी फेब्रुवारीच्या शेवटी रागात लिहून ठेवला होता, तो तसाच टाकतोय.

सोसायटीच्या जिममधे ट्रेडमिल आहे, तिच्या दांड्याला पत्र्याचे सेन्सर आहेत, मग साडेतीन हजार घालून पट्टा कशाला घेतला असं बायकोनं विचारलंच. तर दांडा धरून पळता येत नाही, आणि चढ लावून दांड्याला लोंबकळत चाललं तर मेहनत निम्मी दांडाच करतो. मनगटावरच्या घड्याळाची वेगळीच तऱ्हा. 8 च्या स्पीडला जॉगिंग करताना ते 162 दाखवायचं, म्हटलं गेलो आपण. एक दिवस पावलं मोजली तर मिनिटाला 160 च्या आसपास, म्हणजे ते हृदय सोडून माझी पावलंच मोजत होतं! हात हलला की घड्याळाखालच्या, ठोके मोजणाऱ्या त्या हिरव्या लाइटचा असा गोंधळ होतो. त्याच स्पीडला पट्ट्यावर 138. माझं वय 49, मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात याचं सूत्र 220 वजा वय, म्हणजे 171, दुसरं सूत्र आहे 208 वजा वयाच्या 0.7 पट, त्यानं 174. दोन्ही अंदाजच, आणि दादा बीपीसाठी बीटा ब्लॉकर (ठोके मंद करणारी गोळी) घेतो त्याला तर यातलं काहीच लागू नाही, त्याला डॉक्टरांनी वेगळा आकडा दिलाय.

असो, मुद्दा सेलचा. डब्यावर लिहिलंय 400 तास. मी आठवड्यातून चार दिवस चाळीस-चाळीस मिनिटं वापरतो म्हणजे एक सेल अडीच-तीन वर्षं जायला पाहिजे. गेला पाच आठवडे! दुसरा पाच आठवडे, तिसरा पण तेवढाच, आता चौथाही मेला. ते गोल झाकण नाण्यानं फिरवून फिरवून त्याची खाच झिजली. सोळा किलोमीटरवरच्या सर्व्हिस सेंटरला दोनदा पेट्रोल जाळून गेलो, तिथला मुलगा म्हणे, 'सर, सेल वॉरंटीत येत नाही.' अरे सेल नको मागतोय मी, सेल खाणारं यंत्र बदलून द्या! शेवटी मीच वैतागून पाच सेलचं पाकीट घेतलं. एक स्टार, तोही नाइलाजानं.

इथून पुढचं आत्ताचं, मे महिन्यातलं.

पाकिटातला पहिला सेल बसवायला मी तुळशीबागेजवळच्या घड्याळवाल्याकडे गेलो, कारण त्या झिजलेल्या खाचेत माझं नाणं आता बसत नव्हतं. त्यानं पट्टा हातात घेतला आणि पहिलं वाक्य, 'काका, हे ओलं का आहे?' घाम हो, सकाळचा. त्यावर तो म्हणाला, मग ही सेलची डबी, म्हणजे यंत्र, पट्ट्याला लावून का ठेवलीय?

झालं असं की डबीच्या दोन बटणांमधे कातडी आली की यंत्र चालू होतं. पण ओला पट्टापण त्याला छातीच वाटतो. मी जिमहून आलो की सगळं गुंडाळून स्कूटरच्या डिकीत, दुसऱ्या दिवसापर्यंत दमट. म्हणजे चार दिवस गुणिले वीस तास, आठवड्याला 80, पाच आठवड्यांत 400. हिशोब पैशाला पैसा जुळला! डब्यावरचे 400 तास खरेच निघाले हो, फक्त ते मी डिकीला पळवण्यात घालवले. बारीक अक्षरात माहितीपत्रकात होतंही ते. पण सर्व्हिस सेंटरच्या त्या पोराला हे माहीत नसावं याचा राग अजून आहेच, त्याला फक्त वॉरंटीचं वाक्य पाठ.

आता डबी काढून ठेवतो, पट्टा नळाखाली धुतो (नाहीतर मीठ साचतं), आणि घालताना पाणी लावतो. थंडीत कोरडा घातला की पहिली पाच मिनिटं 190-200 च्या उड्या, त्याला सेल जबाबदार नव्हता हे आता मान्य.

एक गंमत राहिली. आमच्या ट्रेडमिलमधे पट्ट्याचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर आहे आणि शेजारच्या काकांचा पट्टा जुन्या पद्धतीचा, कोड नसलेला, म्हणजे सिग्नल कुणाचा हे मशीनला कळत नाही. मी बुटाची लेस बांधत उभा आणि माझ्या स्क्रीनवर 150. काका शेजारी धापा टाकत होते. ते आले की मी आता मशीनकडे न बघता मोबाइलवरच बघतो.

स्टार चार. पाचवा त्या झाकणासाठी कापला.

मार्चपासून तोच सेल चालू आहे, पाकिटातले चार पडून आहेत. एक वजनकाट्यात घातला. तीन उरलेत, कुणाच्या गाडीच्या चावीत हा 2032 नंबरचा सेल बसत असेल तर सांगा, घेतलेल्या भावात देतो.