जास्वंदीच्या पुडीतून अंबाडी उगवली

पाचपाखाडीतल्या आमच्या गॅलरीतली दुहेरी पाकळ्यांची पांढरी गोकर्ण सासूबाईंनी अलिबागहून आणलेली. शेंग वेलीवरच तपकिरी होऊन वाळली की तोडायची, आठवडाभर सावलीत ठेवायची, मग बिया कोरड्या राखेत घालून काचेच्या बाटलीत घट्ट बंद करायच्या. ठाण्याच्या पावसाळ्यात कागदी पुडीला बुरशी धरते, म्हणून एवढी काळजी.

मे महिन्यात एका बाईंचा मेसेज आला. "ताई, गोकर्णीच्या बिया द्या, मी निळा गुलाब आणि पाचरंगी जास्वंद देते. कुरिअर धरून वर फक्त ४५० रुपये." फोटो बघून मी भुलले. यूपीआयने पैसे पाठवले आणि चाळीस बियाही.

आलेल्या पुड्यांवर नुसती नावं होती, बी कधी धरलं ती तारीख नाही. तिथेच थांबायला हवं होतं. 'गुलाबा'चं बी गोल, काळपट, तिसऱ्या दिवशी उगवलंसुद्धा! मी हरखून गेले. गुलाबाचं बी फिकट तपकिरी, कोनेदार असतं आणि रुजायच्या आधी त्याला कित्येक आठवडे थंडावा लागतो, हे नंतर कळलं. पान चुरगाळून वास घेतला, तर मोहरी. निळा गुलाब निसर्गात होतच नाही. जपानमध्ये जनुकं बदलून केलेला २००९ मध्ये विकायला आला, तोही जांभळटच.

जास्वंदीने मात्र महिनाभर झुलवलं. शेवटी सासूबाईंनी लालसर देठ बघितला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर अंबाडी!" दोन्ही एकाच कुळातल्या, म्हणून मला शंका आली नाही. खरं तर आपल्या बागेतल्या जास्वंदीला बी क्वचितच धरतं, ती फांदी खोचूनच लावतात. कुणी तिच्या रंगीबेरंगी बिया विकत असेल तर पैसे देऊ नका. देवाणघेवाण करायचीच असेल तर आधी झाडावरच्या शेंगेचा फोटो मागा, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून काढलेला.

बाईंनी नंबर ब्लॉक केला. मी १९३० वर सायबर तक्रार नोंदवली, पैसे अजून आलेले नाहीत. त्यापेक्षा जिवाला लागतं ते त्या चाळीस बियांचं. बाटलीत अकराच उरल्या होत्या. त्यातल्या पाच रात्रभर पाण्यात भिजवून पेरल्या, तीन उगवल्यात. सासूबाई रोज सकाळी आधी त्या कुंडीशी जातात.