दोन साइटवरच्या व्हीसॅन क्लस्टरची स्टोरेज पॉलिसी : एक अभिप्राय
पुण्यातील हिंजवडी आणि खराडी येथील डेटा सेंटरमध्ये विभागलेल्या आमच्या क्लस्टरवर (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरच्या गटावर) व्हीएमवेअरचे व्हीसॅन, म्हणजे या सर्व्हरमधील डिस्क जोडून सामायिक स्टोरेज देणारे सॉफ्टवेअर, चालते. डेटाच्या संरक्षणाची पातळी, म्हणजेच स्टोरेज पॉलिसी, सरसकट न लावता प्रत्येक व्हर्च्युअल मशीनसाठी वेगळी ठरवता येते, हे मला त्याचे सर्वांत मोठे बलस्थान वाटते.

हिशेब मात्र आधी मांडावा. १०० जीबीची डिस्क दोन्ही साइटवर मिरर केली (प्रत्येकीवर पूर्ण प्रत ठेवली) की २०० जीबी जागा लागते; प्रत्येक साइटच्या आत पुन्हा रेड-१ (दोन पूर्ण प्रती) घेतल्यास ती ४०० जीबी होते, तर व्हीसॅनच्या जुन्या ओएसए (ओरिजिनल स्टोरेज आर्किटेक्चर) रचनेतील रेड-५ (पूर्ण प्रतीऐवजी हरवलेला भाग पुन्हा काढता येईल एवढी जादा माहिती ठेवण्याची पद्धत) घेतल्यास सुमारे २६७ जीबीत भागते, परंतु त्यासाठी प्रत्येक साइटवर किमान ४ होस्ट (सर्व्हर) हवेत. बिलिंगच्या डेटाबेससाठी हा खर्च मला पूर्णपणे रास्त वाटतो, कारण एखादा होस्ट बंद पडला तरी दुरुस्ती त्याच साइटच्या आत होते आणि दोन साइटमधील लिंकवर ताण येत नाही. रस्त्यांच्या खोदकामात केबल तुटणे पुण्याला नवीन नाही, म्हणून हा मुद्दा येथे अधिकच महत्त्वाचा ठरतो.

स्वतःच रेप्लिकेशन करणाऱ्या (आपला डेटा दुसऱ्या मशीनवर उतरवणाऱ्या) डोमेन कंट्रोलरसारख्या, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरसारख्या, मशीनना एकाच साइटची पॉलिसी पुरते. उणीव अशी, की ही पॉलिसी लावल्याने डीआरएसचा (कोणती मशीन कोणत्या होस्टवर चालवायची हे ठरवणाऱ्या व्हीएमवेअरच्या सुविधेचा) होस्ट-नियम आपोआप तयार होत नाही. तो विसरला, तर मशीन खराडीत, डेटा हिंजवडीत आणि प्रत्येक रीड-राइट लिंकवरून, अशी स्थिती उद्भवू शकते.

दोन साइटमधील राउंड ट्रिप (डेटा जाऊन परत येण्याचा वेळ) ५ मिलिसेकंदांच्या आत आणि विटनेस (संपर्क तुटल्यास कोणती साइट चालू राहील हे ठरवण्यास मदत करणारा होस्ट) तिसऱ्या ठिकाणी असेल, तर मी हे उत्पादन निःसंकोच सुचवेन.