व्रणासाठी स्टेम सेल की सिलिकॉन-लेझर? पॅकेजचे पैसे भरायच्या आधी वाचा

भाजल्याचा, अपघाताचा किंवा ऑपरेशनचा व्रण राहिलाय आणि कोणीतरी स्टेम सेलचं (वाढून वेगवेगळ्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींचं) पॅकेज सांगितलंय, घरात त्यावर चर्चा चालूय, अशा लोकांसाठी हे लिहितोय. एका बाजूला नेहमीचे उपाय, म्हणजे सिलिकॉन, प्रेशर गारमेंट (व्रण दाबून धरणारा घट्ट कपडा), स्टेरॉइडचं इंजेक्शन, लेझर, आणि दुसऱ्या बाजूला स्टेम सेलच्या नावाने जे काही मिळतं ते. माझं मत आधीच सांगून टाकतो: व्रण वर्षाच्या आतला असेल तर जुने उपाय नीट केल्याशिवाय दुसरीकडे बघूच नका, आणि जुना, खोल गेलेला, खाली चिकटलेला असेल तर स्वतःच्या चरबीचं ग्राफ्टिंग (एका जागेची काढून व्रणाखाली सोडणं) विचार करण्यासारखं आहे. बाकीचं सध्या तरी महागडी आशा आहे.

पण आधी आपला व्रण कुठल्या जातीचा आहे ते बघा, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. जखमेच्या हद्दीतच राहून लाल, जाड, खाजरा झालेला म्हणजे हायपरट्रॉफिक, हा वर्ष-दीड वर्षात थोडाफार आपोआपही बसतो. मूळ जखमेची हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पसरतो तो केलॉइड. छाती, खांदा, कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तो जास्त दिसतो. खड्डा पडलेला, पिंपल्सच्या डागांसारखा, तो वेगळाच प्रकार. आणि भाजल्यावर कोपर, मान, बोटं आखडतात ते कॉन्ट्रॅक्चर, तिथे दिसण्यापेक्षा सांधा हलण्याचा प्रश्न मोठा असतो. चारींना एकच औषध सांगणारा भेटला तर जरा सावध व्हा.

आता "स्टेम सेल" म्हणून नक्की काय देतात? मला तरी तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या आणि तिन्हींना नाव एकच. पहिली क्रीम आणि सीरम. डबीवर "प्लांट स्टेम सेल" लिहिलेलं असतं, बऱ्याचदा सफरचंदाचं, आणि आत असतो त्या पेशींचा अर्क. जिवंत पेशी शेल्फवरच्या डबीत महिनोन्महिने टिकत नाहीत आणि सफरचंदाची पेशी माणसाच्या कातडीत जाऊन कातडी बनवत नाही. मॉइश्चरायझर म्हणून वापरायचं तर वापरा, व्रणाचं औषध म्हणून नको.

दुसरी गोष्ट एक्झोसोम. पेशी वाढवताना त्या जे सूक्ष्म थेंब बाहेर टाकतात ते गोळा करून मायक्रोनीडलिंगनंतर (बारीक सुयांनी कातडीला भोकं पाडल्यावर) वरून लावतात, काही ठिकाणी सरळ टोचतातसुद्धा. कल्पना अगदीच हवेतली नाहीये. मेसेनकायमल स्टेम सेल (चरबी, अस्थिमज्जा अशा ठिकाणी सापडणारा स्टेम सेलचा प्रकार) टोचल्या तरी त्या स्वतः नवी कातडी होऊन बसतात असं फारसं होत नाही, बऱ्याचशा थोड्या दिवसांत नाहीशा होतात, काम करतात ते त्यांनी सोडलेले सिग्नल, ज्यांनी सूज कमी होते आणि कोलॅजन (कातडीला ताकद देणारे तंतू) कमी राठ बसतं. या पेशींना 1991 मध्ये "मेसेनकायमल स्टेम सेल" हे नाव देणाऱ्या अर्नोल्ड कॅप्लन यांनीच पुढे 2017 मध्ये हे नाव बदला म्हणून लिहिलं, यावरून काय ते समजा. पण कल्पना पटणं वेगळं आणि बाटलीतला माल तपासलेला असणं वेगळं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) डिसेंबर 2019 मध्ये एक्झोसोम उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला होता, कारण नेब्रास्का राज्यात असे उपचार घेतलेल्या लोकांना गंभीर त्रास झाला होता.

तिसरी आणि त्यातल्या त्यात खरी गोष्ट म्हणजे स्वतःची चरबी. पोटातून किंवा मांडीतून सुईने चरबी काढतात, ती बारीक करून व्रणाखाली सोडतात. चरबीत स्टेम सेल असतात हे 2001 पासून माहीत आहे, आणि 2013 पासून "नॅनोफॅट" हा शब्द चालू झाला, त्यात चरबी दोन सिरिंजमधून इकडून तिकडे ढकलून अगदी पातळ करतात. इथे एक फायदा स्टेम सेलशिवायही आहे, सुईने चिकटलेला व्रण खालून सुटा होतो आणि मध्ये चरबीची गादी बसते. त्यामुळे सुधारणा झाली तर ती पेशींमुळे की सुईमुळे, हे वेगळं काढणं अवघडच. टोचलेल्या चरबीतली बरीचशी शरीर शोषून घेतं म्हणून एकदा करून भागत नाही, हेही आधीच विचारून घ्या. चरबीवर एन्झाइम टाकून फक्त पेशी वेगळ्या काढल्या तर प्रकरण साध्या ग्राफ्टिंगचं राहत नाही, त्याला नियमही वेगळे लागतात.

मग स्टेम सेलने कातडी आणल्याच्या बातम्या खोट्या का? नाही हो. 1983 मध्ये अमेरिकेत 95 टक्क्यांहून जास्त भाजलेल्या दोन लहान भावांवर त्यांच्याच कातडीच्या तुकड्यातून लॅबमध्ये वाढवलेले थर लावले होते आणि दोघं वाचले. 2015 मध्ये जर्मनीत बोखुमला एका सीरियन मुलाला, आजारामुळे त्याची कातडी सोलून निघत होती, जीन दुरुस्त केलेल्या पेशींपासून शरीराच्या जवळपास 80 टक्के भागावर नवी कातडी दिली. पण नीट बघा, तिथे प्रश्न जीव वाचवायचा होता, व्रण घालवायचा नव्हता. लॅबमध्ये वाढवतात तो वरचा पातळ थर, एपिडर्मिस. व्रण बनतो त्याच्या खालच्या जाड थरात, डर्मिसमध्ये. केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी, खालचं लवचिक जाळं हे सगळं परत आणणं अजून जमलेलं नाही.

उंदरांवरचे जे फोटो दाखवतात त्याचंही असंच. उंदराची कातडी सैल असते, तिच्याखाली स्नायूचा एक थर असतो आणि जखम मुख्यतः आकसून बंद होते, आपली तशी होत नाही. म्हणून उंदराचा "व्रण नाही" वाला रिझल्ट माणसाला तसाच्या तसा लागू होईल असं धरून चालू नका. माणसांवरचे अभ्यास आहेत, पण लहान आहेत, प्रत्येकाची पेशी वेगळी, डोस वेगळा, मोजमाप वेगळं.

आता जुन्या उपायांची बाजू. ग्लॅमर शून्य, चिकाटी भरपूर लागते. सिलिकॉन शीट किंवा जेल जखम पूर्ण बंद झाल्यावर लगेच सुरू करायचं, दिवसात 12 तासांच्या वर, निदान दोन-तीन महिने. मुंबई-कोकणातल्या घामात शीट सुटते, पुरळ येतं, लोक आठवड्यात कंटाळतात आणि मग "काही उपयोग झाला नाही" म्हणतात. घाम जास्त असेल तर सरळ जेल घ्या, वाळलं की वर कपडा घालता येतो. प्रेशर गारमेंट तर दिवसातले 23 तास, महिनोन्महिने, मे महिन्यात ते घालून ऑफिसला जाणाऱ्याला माझा नमस्कार, पण मोठ्या भाजलेल्या भागासाठी अजूनही तेच चालतं.

जाड, खाजऱ्या व्रणाला आणि केलॉइडला ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन, साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. दुखतं, खोटं कशाला बोलू, आणि जास्त झालं तर कातडी पातळ होते, पांढरा डाग पडतो. पण खाज पहिल्या एक-दोन वेळांतच कमी झालेली बऱ्याच जणांना जाणवते. फ्रॅक्शनल सीओटू लेझरने (कातडीत बारीक-बारीक ठिपक्यांनी काम करणारा लेझर) भाजलेल्या व्रणाचा ताठरपणा कमी होतो, तीन-चार किंवा जास्त सेशन लागतात. आपल्या रंगाच्या कातडीला लेझरनंतर काळपटपणा येऊ शकतो, म्हणून सावळ्या कातडीवर रोज काम करणारा डॉक्टर शोधा आणि सनस्क्रीन चुकवू नका.

तुलनेत एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही आणि ती सगळ्यात मोठी आहे. भाजलेली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर जाड व्रण राहण्याची शक्यता खूप वाढते. म्हणजे खरी लढाई व्रण झाल्यानंतरची नाहीच. जखम ताजी असेल तर स्टेम सेलवर गूगल करण्यात दिवस घालवू नका, बर्न्स युनिट असलेल्या ठिकाणी जा आणि स्किन ग्राफ्ट (दुसऱ्या जागेची कातडी काढून जखमेवर लावणं) लागेल का ते पहिल्याच आठवड्यात विचारा.

कायद्याचं थोडक्यात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांसारख्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळ्या स्टेम सेल वापराला नेहमीचा उपचार मानत नाहीत, तो मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच व्हायला हवा. आणि ट्रायल असेल तर पेशंटकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. एका ओळखीच्यांना दिलेला संमतीचा फॉर्म मी वाचलाय, पहिल्या पानावर "प्रगत पुनर्जनन उपचार", चौथ्या पानावर बारीक अक्षरात "प्रायोगिक स्वरूपाचा", आणि त्याच्याच खाली ॲडव्हान्सची रक्कम. प्रायोगिक पण आणि ॲडव्हान्स पण, हे एकत्र बसत नाही. सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, रजिस्ट्रेशन नंबर मागा, वेबसाइटवर तो टाकून बघा, नंबर नसेल तर उठा.

मग कोणी काय करावं? सहा महिन्यांचा लाल, खाजणारा व्रण असेल तर सिलिकॉन, सोबत डॉक्टर म्हणतील तर इंजेक्शन, आणि उन्हापासून जपणं. दोन-तीन वर्षं जुना, खड्ड्यासारखा, हाडाला चिकटल्यासारखा असेल तर प्लास्टिक सर्जनकडे चरबीच्या ग्राफ्टिंगबद्दल बोला, पेशींची जाहिरात बाजूला ठेवून. सांधा आखडलाय तर आधी फिजिओ आणि गरज पडली तर रिलीजचं (आखडलेला भाग सोडवण्याचं) ऑपरेशन, क्रीम-सीरमने बोट सरळ होत नाही. आणि अंगावर आधीच केलॉइड असेल तर चरबी काढायला पोटाला जे भोक पाडतात तिथेही नवा केलॉइड उठू शकतो, हे सर्जनला पहिल्याच भेटीत सांगा, ते विचारायची वाट बघू नका.