कादंबरीवरचे अद्भुत सिनेमे: कोणते लावावे, कोणते सोडावे

घरात शाळकरी पोरांपासून आजीपर्यंत सगळे बसणार असतील आणि एकच रात्र मोकळी असेल, तर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग लावा. कादंबरीवरून केलेल्या अद्भुत सिनेमांत इतकं नीट जमलेलं काम दुसरं नाही. ते का जमलं हे कळलं, की बाकीचे निवडणं सोपं जातं.

पुस्तक वाचलेला माणूस सिनेमा बघताना गाळलेले प्रसंग मोजतो. त्यातून फार काही हाती लागत नाही. हजार पानांतलं काहीतरी जाणारच. बघायचं ते हे, की त्या जगातल्या जादूचा नियम सिनेमाने पाळला का, आणि त्या जादूची किंमत शेवटी कोणाला मोजावी लागली. हे दोन्ही शाबूत असेल तर निम्मं पुस्तक गळालं तरी सिनेमा उभा राहतो.

पीटर जॅक्सनचे तीन भाग २००१, २००२ आणि २००३ मध्ये आले. लांबी १७८, १७९ आणि २०१ मिनिटं. टॉम बॉम्बाडिल हे पात्र पूर्ण गाळलं आहे. लढाई जिंकून हॉबिट (गोष्टीतली बुटकी माणसं) घरी येतात तर त्यांचंच गाव नासवलेलं, झाडं तोडलेली, हा पुस्तकाच्या शेवटचा भागही नाही. त्याची हळहळ वाटते. शेतीवर जगणाऱ्या वाचकाला सगळ्या पुस्तकात तोच भाग सर्वांत जवळचा. पण गोष्ट ज्या जादूच्या अंगठीभोवती फिरते, तिचा नियम कुठेही ढिला पडत नाही: जो ती वापरेल, तो तिचाच होऊन बसेल. पुस्तकात फारामीर हा योद्धा अंगठीचा मोह सहज बाजूला सारतो, सिनेमात मात्र तो अंगठी वाहून नेणाऱ्या फ्रोडोला धरून ऑस्गिलिअथ शहरापर्यंत नेतो. हा बदल वाचकांना खटकला. तरी तो बरोबर आहे. जी वस्तू भल्याभल्यांना नासवते असं पडद्यावर दाखवत आणलं, ती एकाने सहज नाकारली तर प्रेक्षकाच्या मनातली तिची भीती तिथेच संपते. आणि ज्या ज्वालामुखीत अंगठी टाकून नष्ट करायची, त्याच्या कड्यावर फ्रोडोची ताकद संपते, ही कडू गोष्ट सिनेमाने गोड करून सांगितली नाही.

पहिल्यांदा बघताना साधी आवृत्तीच घ्या. लांबवलेल्या आवृत्तीत तिसरा भाग चार तासांच्या वर जातो. मात्र साध्या आवृत्तीत दुष्ट जादूगार सारुमानचा शेवट दाखवलेलाच नाही, तो मोठीत आहे. पहिल्या भागाला मध्यंतर हवं असेल तर रिव्हेंडेलच्या सभेत अंगठीसोबत जाणारे नऊ जण ठरतात तिथे थांबवा. साधारण निम्मा सिनेमा झालेला असतो. लांबीची धास्ती इकडे घेऊ नये. आमच्या पूर्व विदर्भात वडसा, ब्रह्मपुरी, साकोलीकडे मंडईच्या (गावजत्रेच्या) दिवसांत पहाटेपर्यंत झाडीपट्टीचं नाटक बघणाऱ्याला तीन तास जड जात नाहीत. लहान पोरं मात्र दीड तासानंतर पेंगतात.

त्याच दिग्दर्शकाचा ‘द हॉबिट’ नेमका उलटा धडा आहे. पुस्तक जेमतेम तीनशे पानांचं, आणि सिनेमे तीन: २०१२, २०१३, २०१४. मिळून ४७४ मिनिटं. थोरल्या हजार पानांच्या कथेला ५५८ मिनिटं पुरली, हे लक्षात घेतलं की पाणी किती घातलं ते कळतं. टॉरिएल हे पात्र मूळ पुस्तकात नाही, लेगोलासही तिथे येत नाही. दोघांना जागा करून देताना नायक बिल्बो आपल्याच गोष्टीत मागे पडतो. पहिला भाग बघा, त्यातला अंधारातल्या कोड्यांचा प्रसंग फार सुंदर आहे. तिसरा सोडला तरी चालेल.

हॅरी पॉटरचे आठ सिनेमे २००१ ते २०११ मधले. त्यांना एकच मापटं लावता येत नाही. पहिले दोन ख्रिस कोलंबसचे, पुस्तकाला घट्ट धरून चालणारे. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी पहिला उत्तम. मुलांनी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीत वाचलं असेल तर त्यांना प्रत्येक प्रसंग ओळखीचा वाटेल. तिसरा, ‘प्रिझनर ऑफ अझकाबान’ (२००४), अल्फोन्सो क्वारोनचा, सगळ्यांत चांगला सिनेमा. पण त्यात एक भोक राहिलं आहे: हॅरीला मिळालेला जादूचा नकाशा कोणी बनवला हे सांगितलंच नाही. चार मित्रांनी तो बनवला, हॅरीचे शिक्षक ल्युपिन आणि हॅरीचे वडील त्यांतले दोघं, आणि हॅरीचे वडील सांबराचं रूप घेत. एवढं मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर तळ्याकाठचा चमकता सांबर त्यांच्यासाठी नुसतंच चित्र राहतो.

पाचवं पुस्तक सर्वांत जाडजूड, आणि त्याचा सिनेमा १३८ मिनिटांचा, मालिकेतल्या छोट्यांपैकी एक. आश्चर्य म्हणजे तो बरा जमला आहे, कारण अंब्रिजबाईंच्या शाळेतल्या जुलमावर त्याने सगळा जोर दिला. घोळ सहाव्यात झाला. खलनायक व्होल्डेमॉर्टच्या भूतकाळाच्या आठवणी तिथे कापल्या, त्याऐवजी हॅरीचा मित्र रॉन याचं घर जाळण्याचा पुस्तकात नसलेला प्रसंग घातला. परिणाम सातव्यात दिसतो. हॉरक्रक्स, म्हणजे व्होल्डेमॉर्टने आपल्या आत्म्याचे तुकडे ज्यांत लपवले त्या वस्तू, कुठे असतील हे हॅरीला कशावरून सुचतं, ते पुस्तक न वाचलेल्याला कळत नाही. आठव्याचा शेवटही असाच सैल आहे. पुस्तकात हॅरी भरसभेत सगळ्यांदेखत सांगतो की एल्डर कांडीचा, म्हणजे जादूच्या सर्वांत ताकदवान कांडीचा, खरा मालक कोण, आणि मग व्होल्डेमॉर्ट साध्या माणसासारखा मरून पडतो. सिनेमात ते दोघं एकटेच अंगणात लढतात, त्याची राख उडते आणि कांडीचा हिशोब मागाहून सांगितला जातो. नियम आधी कळला असता तर विजय पटला असता.

‘द गोल्डन कंपास’ (२००७) लावू नका. त्याला दृश्य-परिणामांचं ऑस्कर मिळालं, बर्फातली अस्वलं देखणी आहेत. पण पुस्तकाची शेवटची प्रकरणं चित्रित करूनही कापून टाकली, आणि त्या प्रकरणांतच सगळी किंमत मोजली जाते. हीच कथा बघायची तर २०१९ पासून तीन हंगामांत आलेली ‘हिज डार्क मटेरिअल्स’ ही मालिका घ्या.

उलट, पुस्तकापासून सगळ्यांत लांब गेलेला सिनेमा उत्तमही असू शकतो. ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’चं मूळ पुस्तक वाचलं तर टूथलेस हा चिमुकला, हट्टी ड्रॅगन निघतो. २०१० च्या ॲनिमेशनपटात तो मोठा, काळा, सगळे घाबरतात असा झाला आणि गोष्टच बदलली. तरी दीड तासात मैत्री आणि तिची किंमत दोन्ही चोख येतात. शेवटी नायकाच्या शरीरावर कायमची खूण राहते. मुलांच्या सिनेमात एवढं धाडस क्वचित दिसतं. पहिली-दुसरीतल्या पोरांसाठी सुरुवात इथूनच करावी.

आपल्याकडचं बघायचं तर मोठ्यांसाठी ‘तुंबाड’ (२०१८). नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीची आठवण देतं, पण बीज नारायण धारपांच्या भयकथेत आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी १९९३ मध्ये ती मित्राच्या तोंडून ऐकली ती नागझिऱ्याच्या जंगलात, म्हणजे इथलीच. नियमाच्या बाबतीत हा सिनेमा परदेशी मोठ्या सिनेमांच्या तोडीस तोड आहे. हस्तर या शापित देवाकडे सोनं आहे, अन्नावर त्याचा हक्क नाही; म्हणून कणकेची बाहुली टाकायची आणि तो ती खातोय तेवढ्या वेळात सोनं ओरबाडायचं. एका ओळीत सांगता येणारा नियम, आणि शेवट त्यातूनच निघतो. लहान मुलांना अजिबात दाखवू नका.

विजयदान देथांच्या एकाच लोककथेवर दोन सिनेमे आहेत: मणि कौल यांचा ‘दुविधा’ (१९७३) आणि अमोल पालेकरांचा ‘पहेली’ (२००५). व्यापारी लग्नानंतर लगेच परगावी जातो आणि भूत त्याचं रूप घेऊन बायकोकडे येतं. ‘दुविधा’त भूत शेवटी चामड्याच्या पिशवीत अडकतं आणि बाईच्या वाट्याला गप्प राहणं येतं. ‘पहेली’त ते नवऱ्याच्याच शरीरात शिरून परत येतं. रंग, गाणी, नटमंडळी यामुळे ‘पहेली’ सहकुटुंब छान बघितला जातो, पण कथेचा चटका ‘दुविधा’त आहे. तो फार संथ आहे, त्यामुळे शांत दुपारी एकट्याने बघावा.

आता लावण्याबद्दल. फोनच्या ॲपमध्ये उतरवलेला सिनेमा पेनड्राइव्हवर घेता येत नाही. तो त्याच ॲपमध्ये उघडतो. स्क्रीन टीव्हीवर टाकायला गेलं तर पुष्कळदा आवाज येतो आणि चित्र काळं राहतं, कारण ॲपच नक्कल रोखतं. म्हणून टीव्हीतच ॲप टाका आणि फोनच्या हॉटस्पॉटवर चालवा. साध्या दर्जात तासाला १ जीबीच्या आसपास डेटा जातो, उच्च दर्जात त्याच्या तिपटीपर्यंत. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर तीन तासांचा सिनेमा दोन रात्रींत वाटा किंवा फोनवरच आधी उतरवून ठेवा. स्वतःच्या डिस्कवरून पेनड्राइव्हवर घेतलेली फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असेल तर ‘फॅट३२’ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर बसत नाही. टीव्हीला चालत असेल तर पेनड्राइव्ह ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट करून घ्या.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि लढाई कानठळ्या बसवणारी वाटली, तर टीव्हीच्या आवाजात ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ निवडा. सहा वाहिन्यांचा आवाज दोन स्पीकरवर आला की मधल्या वाहिनीतले संवाद दबतात. रात्रीच्या लढाया, विशेषतः ‘टू टॉवर्स’मधली हेल्म्स डीपची, पत्र्याच्या घरात दिवसा दिसतच नाहीत, अंधार पडल्यावरच लावा आणि चित्राचा ‘सिनेमा’ मोड ठेवा. भारनियमनाची वेळ आधी बघा. इन्व्हर्टर असला तरी वीज जाताच राउटर बंद पडतो, त्याची वायर इन्व्हर्टरच्या बोर्डवर घ्या.

शाळेत विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढ्यांनाच शाळेचा उपक्रम म्हणून दाखवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. गणपतीच्या मांडवात अख्ख्या गावाला दाखवायचं तर हक्कदाराची परवानगी लागते.

भाषेचं आधी बघा. हॉलिवूडच्या सिनेमांना हिंदी आवाज असतो, पण प्रत्येक ॲपवर असेलच असं नाही. लावण्याआधी ऑडिओची यादी उघडा. सत्यजित राय यांचा ‘गुपी गाइन बाघा बाइन’ (१९६९) बंगालीत आहे. भुतांच्या राजाने दिलेले तीन वर, टाळी वाजवली की जेवण आणि भुतांचा लांबलचक नाच मुलांना भाषेवाचूनही कळतात. गोष्टीसाठी मात्र एका मोठ्या माणसाने पुढे बसून खालच्या ओळी मराठीत मोठ्याने सांगाव्या, आणि गाण्यांच्या वेळी गप्प राहावं.