ओएस ८ ग्लो प्लग: खारघरच्या हवेत आणि ५ टक्के नायट्रोच्या इंधनावर

ओएस कंपनीचा क्रमांक ८ चा ग्लो प्लग मी माझ्या मॉडेल विमानाच्या ०.४६ घन इंचाच्या, म्हणजे सुमारे ७.५ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनात बराच काळ वापरत आहे. इंधनात नायट्रोमिथेन ५ टक्के असून बाकी मिथेनॉल आणि तेल आहे. या इंजिनाला आणि या इंधनाला हा प्लग उत्तम जमतो. मात्र तो का जमतो, हे समजून न घेता तोच डोळे झाकून दुसऱ्या इंजिनात बसवण्यात अर्थ नाही.

ग्लो प्लगमध्ये ठिणगी पडत नाही. प्लॅटिनमच्या मिश्रधातूचे बारीक वेटोळे सुरुवातीला १.५ व्होल्टच्या इग्नायटरने तापवले जाते आणि इंजिन सुरू झाल्यावर इग्नायटर काढला, तरी मिथेनॉलची वाफ व प्लॅटिनम यांच्यातील उत्प्रेरक क्रियेमुळे आणि प्रत्येक ज्वलनाच्या उष्णतेमुळे ते तापलेलेच राहते. त्यामुळे प्लग बदलला की मिश्रण पेटण्याची वेळही बदलते: उष्ण प्लगवर, म्हणजे ज्याचे वेटोळे जास्त तापलेले राहते त्यावर, ते लवकर पेटते, थंड प्लगवर उशिरा. लहान इंजिन, कमी कॉम्प्रेशन आणि कमी नायट्रो असेल तर उष्ण प्लग लागतो. मोठे, जास्त फेऱ्यांचे आणि जास्त नायट्रो पिणारे इंजिन थंड प्लग मागते.

क्रमांकांवर मात्र विसंबू नये. एन्या या दुसऱ्या कंपनीचा ३ हा उष्ण प्लग आहे, तर ओएसचा ८ साधारण मध्यम आहे, आणि हे आकडे ज्या त्या कंपनीपुरतेच खरे आहेत. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहणाऱ्यांची दुकानात नेहमीच फसगत होते.

माझी कसोटी साधी आहे. इंजिन चांगले तापल्यावर थ्रॉटल आयडलवर, म्हणजे सर्वात कमी फेऱ्यांवर, आणायचा, इग्नायटर काढायचा आणि आवाज ऐकायचा. फेऱ्या स्पष्टपणे घसरल्या, तर निडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) ठीक असल्याची खात्री करून प्लग थंड पडतो आहे असे मानावे. उलट पूर्ण थ्रॉटलवर आवाज कर्कश होऊन ताकद कमी वाटली, तर प्लग गरजेपेक्षा उष्ण असू शकतो. क्रमांक ८ वर इग्नायटर काढल्यावर आयडलचा सूर किंचितच उतरतो, आणि थ्रॉटल एकदम उघडला तरी इंजिन अडखळत नाही. उतरताना पुन्हा वर जाण्याची वेळ आली, तर याच गुणाची खरी किंमत कळते.

नवी मुंबईत एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. मिथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि खाडीकाठच्या पावसाळी हवेत झाकण सैल राहिलेला कॅन लवकर बिघडतो. अशा इंधनावर आयडल डळमळला की लोक आधी प्लगला दोष देतात. नवा प्लग घेण्यापूर्वी नव्या, सीलबंद कॅनमधले इंधन भरून पाहावे.

काढलेल्या प्लगचे वेटोळे भिंगाखाली बघण्याची सवय लावून घ्यावी. चकचकीत आणि सरळ असेल तर सगळे ठीक आहे. ते निस्तेज, पांढुरके किंवा वेडेवाकडे झाले असेल, तर मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, ठेवले गेले असण्याची शक्यता मोठी असते. धातूचे बारीक कण चिकटलेले दिसले, तर आधी इंजिन उघडावे. मी एकदा ऑनलाइन मागवलेल्या, नाव नसलेल्या स्वस्त प्लगांच्या पाकिटात वेटोळे मध्यभागी नसलेला प्लगही निघाला होता. ओएसचा प्लग महाग पडतो, पण माझ्या हाती आलेल्या प्लगांत असे काही आढळले नाही.

बसवताना तांब्याचा वॉशर विसरू नये आणि प्लग आधी बोटांनीच फिरवावा, कारण ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे पान्याच्या एका फाजील जोराने जातात. थेट १२ व्होल्टची बॅटरी लावली, तर वेटोळे क्षणात जळते.

फोर-स्ट्रोक इंजिनासाठी मात्र क्रमांक ८ ची शिफारस मी करणार नाही. तिथे दोन फेऱ्यांत एकदाच ज्वलन होत असल्याने वेटोळ्याला मधल्या काळात जास्त थंडावा मिळतो, आणि त्यासाठी ओएसचा एफ प्रकारचा प्लगच घ्यावा.